अंदाज आणि तराजू : रक्तातील औषधाचा हिशोब कितपत खरा उतरतो?

आमच्या धंद्यात अंदाजाशिवाय एक दिवस जात नाही. रंगाऱ्याकडे दिलेल्या सुतात किती घट येईल, ईदच्या आधी किती टॉवेल उचलले जातील, हैदराबादचा व्यापारी या महिन्यात रक्कम पाठवील की पुढच्या, हे सारे अंदाजच. अंदाज बांधण्यात काही गैर नाही. पण बांधलेला अंदाज नंतर तराजूवर घालून पाहायचा की नाही, हा खरा सवाल आहे. वर्षअखेरीस आपला अंदाज एका बाजूला आणि प्रत्यक्ष विक्री दुसऱ्या बाजूला मांडून जो बसतो, त्याची चूक पुढच्या साली कमी होते. जो मांडत नाही, त्याची तीच चूक दरसाल नव्याने होते.

या पानावर आम्ही नेहमी सूत, रंग आणि जी.एस.टी. यांवर लिहितो. आज औषधावर लिहीत आहोत, याचे वाचक बांधवांना नवल वाटेल. परंतु विषय हिशोबाचाच आहे. घेतलेल्या गोळीपैकी किती औषध रक्तात राहील, याचा अंदाज बांधणारे एक शास्त्र आहे. त्याला फार्माकोकायनेटिक्स म्हणतात. औषध शरीरात कसे शिरते, कुठे पसरते आणि कसे बाहेर पडते, याचा हा जमाखर्च. त्या जमाखर्चाची गणिती मांडणी म्हणजे मॉडेल. हे मॉडेल सांगते ते खरे किती, हे कसे तपासायचे, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

घरातला अनुभव

आमच्या आपांचा मुलगा यंत्रमागावर कामाला आहे. त्याला लहानपणापासून मिरगी. फेनिटॉइन नावाचे औषध रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे शंभराच्या तीन गोळ्या, अनेक वर्षे चालू होते. तरीही दोन-तीन महिन्यांतून एखादा झटका येई. मागाजवळ उभ्या असलेल्या माणसाला झटका येणे म्हणजे काय, हे सोलापूरकरांना सांगायला नको. एका डॉक्टरांनी आणखी एक गोळी वाढवून ४०० केले. तीनाच्या चार गोळ्या झाल्या, यात कुणाला काही वावगे दिसले नाही. आम्हालाही नाही.

महिन्याभरात मुलगा झोकांड्या खाऊ लागला. डोळ्यांची बुबुळे थरथरत. बोलताना जीभ जड होई. मोहल्ल्यात कुजबूज सुरू झाली की पोरगा प्यायला लागला. आपा दार लावून रडत बसल्या. मुलगा आम्हाला म्हणाला, "मामू, कसम घेतो, मी हातही लावलेला नाही. जमीनच हलते." आम्ही त्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी रक्त तपासायला पाठवले. फेनिटॉइनची रक्तातील नेहमीची योग्य पातळी दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम धरतात. याचा आकडा आला ३८.

आम्ही विचारले, "डॉक्टरसाहेब, औषध तिसऱ्या हिश्शाने वाढवले, मग पातळी एवढी कशी चढली?" त्यांनी कागदावर जो हिशोब करून दाखवला, तो आमच्या धंद्याच्या भाषेत पुढे देत आहोत.

रंगाई कारखान्याचा हिशोब

समजा, एका रंगाई कारखान्याची दिवसाची जास्तीत जास्त ताकद ४२० किलो सूत रंगवण्याची आहे. दारात ढीग लहान असेल तर कामगार सावकाश काम करतात. ढीग वाढला की हात चालवतात. पण कितीही ढीग साचला तरी ४२०च्या वर काम जाणार नाही. आता रोज ३०० किलो सूत येऊ लागले तर ढीग एका उंचीवर स्थिर राहील. ३५० येऊ लागले तर तो बराच उंच होईल. ४०० येऊ लागले तर दाराबाहेर रस्त्यापर्यंत जाईल. आवक थोडीच वाढली, पण कारखान्याची ताकद संपत आली म्हणून ढीग वाढला.

फेनिटॉइनच्या बाबतीत आपले यकृत हाच तो कारखाना. साधारण ६० किलो वजनाच्या माणसाची ताकद पुस्तकी हिशोबाने दिवसाला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास धरता येते. रक्तातील पातळी ४ असताना ही ताकद निम्मी वापरली जाते, असे धरू. सूत्र सोपे आहे : रोजच्या औषधाला ४ ने गुणा, आणि ताकदीतून रोजचे औषध वजा करून जे उरेल त्याने भागा. रोज ३०० घेतले तर १२०० भागिले १२०, पातळी १०. रोज ३५० घेतले तर १४०० भागिले ७०, पातळी २०. रोज ४०० घेतले तर १६०० भागिले २०, पातळी ८०!

बहुतेक औषधे अशी नाहीत. त्यांत दुप्पट माल घातला तर पातळी साधारण दुप्पट होते. फेनिटॉइन हे त्रैराशिकाला दाद न देणारे औषध आहे. म्हणून याच औषधावर अंदाजाची परीक्षा चांगली होते.

आता पाहा, पुस्तकी हिशोबाने ४०० वर ८० यायला हवे होते, पण आमच्या भाच्याचे आले ३८. म्हणजे धोका आहे हे मॉडेलने बरोबर सांगितले, पण आकडा साफ चुकला. कारण त्याची ताकद ४२० नव्हती, थोडी जास्त होती. उलट एखाद्याची ताकद ३८० असती, म्हणजे फक्त दहा टक्क्यांच्या आसपास कमी, तर ३५० मिलिग्रॅमवरच त्याची पातळी ४७ च्या जवळ गेली असती. मॉडेल त्याला मात्र २० सांगत बसले असते. तराजूच्या एका बाजूला किंचित खोट आणि दुसऱ्या बाजूला माणूस आडवा, असा हा प्रकार आहे.

मॉडेल आले कुठून?

स्वीडनचे टॉर्स्टन टिओरेल यांनी १९३७ साली औषधाच्या शरीरातील वाटचालीची गणिती मांडणी प्रसिद्ध केली. तेथून या शास्त्राची सुरुवात धरतात. पुढे अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील लुईस शायनर आणि स्टुअर्ट बील यांनी अनेक रुग्णांचे तुटपुंजे आकडे एकत्र करून संपूर्ण समूहाचे मॉडेल बनवण्याची संगणकी पद्धत तयार केली. एका रुग्णाचे दहा वेळा रक्त काढण्यापेक्षा शंभर रुग्णांचे दोन-दोन वेळा काढलेले आकडे एका खातेवहीत मांडायचे. त्यातून सरासरी माणूस कसा आहे आणि माणसामाणसांत फरक किती पडतो, या दोन्ही गोष्टी काढायच्या. वजन, वय, मूत्रपिंडाचे काम यांचा परिणामही त्यात येतो.

पण मॉडेल बनवणे सोपे झाल्यावर तपासण्याचा प्रश्न उभा राहिला. १९८१ साली याच शायनर आणि बील यांनी अंदाजाची पारख कशी करावी यावर एक लेख लिहिला. त्यातील रीत आजही वापरली जाते. ती इतकी साधी आहे की कोणत्याही मुनीमजींना समजेल.

दोन अंदाजे

समजा, पाच रुग्णांची रक्तातील खरी पातळी १०, १२, १५, १८ आणि २० आहे. पहिल्या अंदाजाने सांगितले १३, १५, १८, २१ आणि २३. दुसऱ्याने सांगितले १८, ४, २०, १३ आणि २०.

पहिल्याची चूक प्रत्येक वेळी ३ ने जास्त. सरासरी चूकही ३ जास्त. दुसऱ्याच्या चुका अशा : ८ जास्त, ८ कमी, ५ जास्त, ५ कमी आणि एक बरोबर. बेरीज शून्य, म्हणून सरासरी चूक शून्य! सरासरीच पाहिली तर दुसरा इमानदार आणि पहिला खोटा ठरेल. पण आठ जास्त सांगितलेला रुग्ण आणि आठ कमी सांगितलेला रुग्ण यांनी एकमेकांची चूक भरून काढली, म्हणून त्यांपैकी कुणी बरा होतो काय?

म्हणून दोन मोजमापे लागतात. पहिले, कल. अंदाज एका बाजूला किती झुकतो? सरासरी चूक काढली की हे कळते. दुसरे, पसारा. प्रत्येक चूक किती मोठी, मग ती वरची असो वा खालची? त्यासाठी प्रत्येक चुकीचा वर्ग करतात, वर्गांची सरासरी काढतात आणि तिचे वर्गमूळ घेतात. पहिल्याचा पसारा ३ येतो, दुसऱ्याचा ६ च्या जवळ. तराजूला एकसारखी तीन तोळ्यांची खोट असेल तर ती वजा करून व्यापार होतो. पण कधी वर, कधी खाली जाणारा तराजू मोडीतच घालावा लागतो.

आणखी एक चाचणी पाहा. तिसरा मनुष्य काहीच विचार न करता पाचही रुग्णांना १५ सांगतो. त्याचा पसारा येतो ३.७. म्हणजे मोठे गणित करणारा आपला दुसरा अंदाजे या बिनहिशोबी माणसापेक्षाही वाईट! म्हणून शायनर आणि बील यांचे सांगणे असे की नव्या रीतीची तुलना नेहमी जुन्या, साध्या रीतीशी करावी. मॉडेल किती गुंतागुंतीचे आहे याला किंमत नाही. त्यामुळे साध्या रीतीपेक्षा चूक किती घटली, याला किंमत आहे.

काही लोक अंदाज आणि खरे आकडे यांचा सहसंबंध काढून दाखवतात आणि तो एकच्या जवळ आला की खूष होतात. आपल्या पहिल्या अंदाजाचा सहसंबंध पूर्ण एक येतो, तरी त्याचा एकही आकडा बरोबर नाही. दोन आकडे एकत्र चढतात-उतरतात एवढेच सहसंबंध सांगतो. ते जुळतात, असे तो सांगत नाही. आपल्या दुकानाची आणि शेजाऱ्याची विक्री दिवाळीला एकत्र वाढते, म्हणून दोघांचा गल्ला सारखा होत नाही.

किती चूक चालेल, यालाही मर्यादा आहे. प्रयोगशाळेच्या मोजणीच्या पद्धतीतच साधारण १५ टक्क्यांपर्यंतची चूक मान्य धरतात. म्हणून अंदाज त्याहून अचूक मागणे व्यर्थ. शंभरपैकी किती अंदाज खऱ्या आकड्याच्या २० किंवा ३० टक्क्यांच्या आत पडले, हे बहुधा पाहतात.

आपल्याच खात्यावर परीक्षा नको

गेल्या सालच्या विक्रीवरून नियम काढला आणि गेल्या सालच्याच विक्रीवर तपासला तर तो बरोबर येणारच. खरी परीक्षा पुढच्या सालावर. मॉडेलचेही तसेच. ज्या रुग्णांच्या रक्तावरून ते बनवले त्यांच्यावर नव्हे, तर दुसऱ्या रुग्णांवर, शक्यतो दुसऱ्या रुग्णालयात आणि दुसऱ्या मुलखात ते तपासावे लागते. व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाची अशी अनेक मॉडेल प्रसिद्ध आहेत. एका रुग्णालयात चांगले ठरलेले मॉडेल दुसऱ्या ठिकाणी कमी पडल्याचे अनेक तपासण्यांत दिसले आहे.

आपल्या मुलखाला हा मुद्दा फार लागू आहे. गोऱ्या, ८० किलो वजनाच्या, पोटभर खाणाऱ्या माणसांवर बनलेले मॉडेल विडी वळणाऱ्या ४० किलोच्या बाईला जसेच्या तसे कसे बसेल? फेनिटॉइन रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते. काम करते ते फक्त सुटे औषध. कुपोषणात अल्ब्युमिन कमी होते आणि सुट्याचे प्रमाण वाढते. यासाठी शायनर-टोझर यांचे सूत्र आहे : मोजलेल्या पातळीला, अल्ब्युमिनची दोन दशांश पट अधिक एक दशांश, याने भागायचे. अल्ब्युमिन अडीच असेल तर मोजलेले १० हे १६.७ सारखे समजायचे. हे सूत्रही तराजूवर घातले गेले आणि काही रुग्णगटांत ते बरेच चुकते असे आढळले. सुटे औषधच मोजणे हा खरा उपाय, पण ती सोय थोड्या ठिकाणी असते.

मग क्षयाची औषधे. आयसोनियाझिडमुळे फेनिटॉइनची पातळी चढते, रिफॅम्पिसिनमुळे उतरते. ज्या गावात क्षय आहे त्या गावात मिरगीच्या रुग्णाचा हिशोब हे धरल्याशिवाय जुळत नाही.

मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभागात औषधांची रक्तपातळी मोजून डॉक्टरांना सल्ला देण्याचे काम दीर्घकाळ चालत आले आहे. तेथील गोगटे, क्षीरसागर आणि दळवी यांनी विकसनशील देशातील या कामाचा आढावा ब्रिटनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात घेतला. आपल्या माणसांचे आकडे आपल्याच माणसांवर मोजावेत, हे या कामाचे खरे मोल आम्हाला वाटते.

पहिला हप्ता आल्यावर

नवे गिऱ्हाईक उधारी मागते तेव्हा आपण काय करतो? त्याच्या गावाची, पेठेची, जातभाईंची ख्याती पाहून पहिला अंदाज करतो. पहिला हप्ता आला की अंदाज बदलतो. हप्ता वेळेवर आला म्हणून डोळे मिटून सारा माल देत नाही, आणि एक हप्ता चार दिवस उशिरा आला म्हणून दारही बंद करत नाही. जुनी ख्याती आणि नवा अनुभव यांना योग्य वजन देऊन नवा अंदाज बांधण्याची ही रीत थॉमस बेझ या इंग्रज पाद्र्याच्या नावाने ओळखली जाते. त्याचा लेख त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली छापला गेला. आज संगणक रुग्णाचे मॉडेल याच रीतीने दुरुस्त करतो. २०२० साली अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांनी व्हॅन्कोमायसिनची मात्रा ठरवण्यासाठी अशा संगणकी पद्धतीची शिफारस केली.

आमच्या भाच्याच्या डॉक्टरांनी हेच कागदावर केले. ४०० मिलिग्रॅमवर ३८ आले, यावरून त्याची ताकद ४४२ निघाली. त्या ताकदीने ३५० मिलिग्रॅमवर पातळी १५ यायला हवी. त्यांनी तीन गोळ्या आणि पन्नासाची एक, असे करून दिले. काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासले, तेव्हा आकडा आला १७. चूक २ ची. अंदाज बांधला, मोजला, आणि चूक कागदावर लिहून ठेवली. हा डॉक्टर आम्हाला व्यापाऱ्यासारखा वाटला. मुलाची चाल सरळ झाली. आपांनी मोहल्ल्यात कुणाला काही सांगितले नाही, फक्त दार उघडे ठेवू लागल्या.

दोष कुणाचा?

अंदाज चुकला की दर वेळी मॉडेलच दोषी नसते. गोळी दहाला घेतली आणि कागदावर आठ लिहिले, तर सारा हिशोब बिघडतो. गोळ्या चुकवल्या आणि डॉक्टरांना 'रोज घेतो' म्हणून सांगितले, तरी बिघडतो. मात्रा बदलल्यावर पातळी स्थिर होण्याआधीच रक्त दिले, तरी बिघडतो. कारखाना बदलला तरीही फरक पडू शकतो. ऑस्ट्रेलियात १९६८ साली फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधील भरणीचा पदार्थ बदलला, कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज आले. औषध तेवढेच, पण रक्तात जास्त उतरू लागले आणि अनेक रुग्णांना विषबाधेची लक्षणे दिसली. भरणीला कस नसतो, असे म्हणणाऱ्या आमच्या कापड व्यापाऱ्यांनी यावर विचार करावा.

म्हणून वाचक बांधवांना, आणि त्यांत जे औषधविक्रेते आहेत त्यांना विशेष करून, काही गोष्टी सांगून लेख संपवतो.

मिरगीची गोळी आपल्या मनाने वाढवू, घटवू किंवा बंद करू नये. औषध एकदम बंद केल्यास झटके थांबेनासे होऊन जिवावर बेतू शकते. फेनिटॉइनची मात्रा वाढल्यावर चाल डळमळली, डोळे थरथरले, बोलणे जड झाले तर माणसाला दारुडा ठरवण्याआधी डॉक्टरांकडे न्यावे आणि रक्तपातळीबद्दल विचारावे. रक्त सहसा पुढची गोळी घेण्याआधी देतात. शेवटची गोळी कधी घेतली ती वेळ खरी लिहावी. क्षयाचे किंवा दुसरे औषध सुरू झाले, कंपनी बदलली, वजन फार घटले, तर ते सांगावे. विक्रेत्याने गिऱ्हाइकाला न सांगता कंपनी बदलून देऊ नये. रमजानमध्ये सहरी आणि इफ्तारमुळे गोळीच्या वेळा बदलतात. तो बदल महिना लागण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून करावा, पहिल्या रोज्याला स्वतःच ठरवू नये.

आणि कुणी सांगितले की संगणकाने मात्रा काढली आहे, तर अदबीने एवढेच विचारावे : हा हिशोब आमच्यासारख्या माणसांवर तपासला आहे काय, आणि किती चुकला? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. तराजू खरा असलेल्या दुकानदाराला वजन पुन्हा करून दाखवायला कधी राग येतो काय?